वाढपी दोन, पान एक

आमच्या घरात दोन इंटरनेट आहेत हे सुरुवातीला मी पाहुण्यांना मुद्दाम सांगत असे. पूर्वी लोक 'आमच्याकडे कॉर्पोरेशनचं पण येतं आणि बोअरचं पण आहे' असं सांगत, त्याच सुरात. हल्ली कुणी वायफायचा पासवर्ड मागितला की मी आधी सरबत विचारतो.

दुसरी लाईन आली २०२० च्या पावसाळ्यात. बायकोचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं होतं, मुलाची शाळा गॅलरीत भरत होती आणि आईचं कीर्तन देवळातून उठून टॅबवर आलं होतं. पहिली लाईन एकटी सगळ्यांना पुरत होती, म्हणजे पुरत नव्हती. एका दुपारी बायको साहेबांना काहीतरी ठणकावून सांगत असताना लाईन अडकली आणि तिच्या ऑफिसातल्या चौदा जणांनी तिला तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, बोट वर, अशा अवस्थेत पावणेदोन मिनिटं पाहिलं. कुणीतरी त्याचा फोटो काढला. पुढे तो त्यांच्या ग्रुपवर स्टिकर म्हणून फिरला. त्या संध्याकाळी घरात एकमतानं ठराव पास झाला.

तेव्हापासून टीव्हीच्या वर दोन डबे लुकलुकतात. एक मोठ्या कंपनीचा, १०० एमबीपीएसचा. दुसरा गल्लीतून वायर टाकणाऱ्या छोट्या कंपनीचा, ५० चा. (हे आकडे बिटमध्ये असतात आणि फाईल आपण बाइटमध्ये मोजतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० ची लाईन सेकंदाला साडेबारा मेगाबाइट आणते. उरलेलं कुठे गेलं म्हणून मी एकदा कस्टमर केअरला फोन केला होता. त्यांनी माझं ऐकून घेतलं, हे त्यांचे उपकार.) आईनं पहिल्याच दिवशी त्यांना नावं दिली : थोरली आणि धाकटी. लाईन स्त्रीलिंगी असल्यामुळे या नावांना जरा वेगळाच वास यायचा, पण आईच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं होतं.

पहिले काही महिने कारभार हाताने चालायचा. दोन डबे, दोन वायफाय, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. म्हणजे खालापूरच्या टोलनाक्यावर होतं तेच व्हायचं. आतल्या खोलीतून कुणीतरी ओरडायचं, "धाकटी मस्त चालतेय!" की सगळं घर धाकटीवर. दोन मिनिटांत धाकटी मान टाकायची. तोवर थोरली मोकळी पडलेली असायची, पण ते कुणाला कळणार? ज्याला कळे तो तोंड मिटून एकटाच तिकडे सरके. आमचा मुलगा चार-चार दिवस कुठल्या लाईनवर आहे याचा थांगपत्ता लागू देत नसे.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर एर्लांग नावाचा एक गणिती होता. इतक्या लोकांना इतक्या लायनी पुरतील का, याचं गणित त्यानं १९०९ पासून मांडायला घेतलं. लायनींवरच्या भाराच्या मापाला आजही त्याच्याच नावानं 'एर्लांग' म्हणतात. त्या गणिताचा मला कळलेला अर्थ असा, की सगळे जण एकाच वेळी फोन करत नाहीत, या एका भरवशावर टेलिफोनचा सगळा डोलारा उभा असतो. एर्लांगसाहेबांना रात्री साडेआठला आमच्याकडे जेवायला बोलवायला हवं होतं. बायकोची अमेरिकेची मीटिंग, मुलाची मॅच, आईचं कीर्तन आणि माझं काहीच नाही, नुसतं बघत बसणं, हे चारही एकाच मिनिटाला सुरू होतं.

शेवटी भाचा आला. तो हिंजवडीत काम करतो, म्हणजे दिवसाचे तीन तास वाकडच्या चौकात असतो आणि उरलेल्या वेळात काम करतो. ट्रॅफिकवर त्याचा अधिकार दुहेरी आहे. साबुदाण्याच्या खिचडीच्या दोन बशा संपवून तो म्हणाला, "मामा, तुला लोड बॅलन्सिंग करायला हवं." आणि सॅकमधून साबणाच्या डबीएवढा राऊटर काढला. लॅटव्हिया देशात रिगा नावाचं शहर आहे, तिथल्या कंपनीचा. आईनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "एवढ्या लांबून आणायचं? बोहरी आळीत नव्हतं का?" तिच्या मते जे बोहरी आळीत मिळत नाही ते बनतच नाही.

दोन्ही डब्यांच्या वायरी या डबीत जायच्या आणि घराला दिसणार एकच वायफाय. कोणी कोणत्या लाईननं जायचं ते डबी ठरवणार. मी विचारलं, "म्हणजे शंभर आणि पन्नास, दीडशे होतील ना?"

"होतील. पण तुला मिळणार नाहीत."

भाच्यानं कागदावर खूप बाण काढून मला हे समजावलं. मी मान डोलावली. खरं कळलं ते पंधरा दिवसांनी, एका मुंजीत.

हल्ली दुर्मीळ झालेली, खाली बसून पंगत होती. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, सगळं रीतसर. आता भाताची मूद पडणार आणि तिच्यावर वरण. आमच्या रांगेला दोन वाढपी होते. भातवाला वयानं मोठा, प्रत्येक पानापाशी 'सावकाश होऊ द्या' म्हणणारा. वरणवाला पोरगेलासा, त्याला घाई. तीन पानं भातवाल्याच्या पुढे निघून तो माझ्यापाशी आला आणि भात यायच्या आधीच पळी वाकवली. वरण पानाच्या मधोमध पडलं, क्षणभर विचार करत थांबलं आणि मग उतार पाहून काकडीच्या कोशिंबिरीत शिरलं. मी पानावर आडवा हात धरून ओरडलो, "भात! अहो, भात!" तिसऱ्यांदा ओरडल्यावर लांबून यजमानांनी ऐकलं. त्यांना वाटलं, माझ्या पानाला भात मिळालाच नाही, वाटेत कुठे सांडला. त्यांनी दुसरी मूद पाठवली. तेवढ्यात पहिलीही आली. वर यजमान वाढप्यांवर खेकसले, 'जरा हळू चला रे!' आणि सगळी पंगत मंदावली.

कोशिंबिरीतलं वरण बघता बघता मला भाच्याचा कागद आठवला. इंटरनेटवर कुठलीही गोष्ट अखंड येत नाही. तिचे लहान लहान तुकडे करून, त्यांवर नंबर टाकून ती पाठवतात. एक तुकडा थोरलीनं, एक धाकटीनं अशी आळीपाळी लावली की दोघींची चाल वेगळी असल्यामुळे पाचवा चौथ्याच्या आधी येतो. घेणारा अडून बसतो, 'चौथा कुठाय?' सहावा आला तरी 'चौथा कुठाय?', सातवा आला तरी तेच. तीनदा तोच घोष ऐकला की पाठवणारा धरून चालतो, चौथा वाटेत सांडला. तो चौथा पुन्हा पाठवतो आणि स्वतःचा वेगही कमी करतो. म्हणजे दोन लायनी लावून एकीपेक्षा हळू.

म्हणून शहाणे लोक तुकडे वाटत नाहीत, पानं वाटतात. हे पान या वाढप्याचं, ते पान त्या वाढप्याचं. एकदा वाटणी झाली की त्या पानाला भातापासून मठ्ठ्यापर्यंत तोच वाढणार. पंगत एकूण लवकर उठते. पण दोन वाढपी आहेत म्हणून माझा मठ्ठा लवकर येत नाही. मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आम्ही उतरवून घेतला तो असा : ११ जीबीची एकच फाईल, नशिबानं धाकटीच्या वाट्याला गेली आणि ५० च्या वेगानं अर्धा तास येत राहिली. शेजारी १०० ची थोरली मोकळी, तिच्यावरून फक्त आईचे कीर्तनकार सावकाश पूर्वरंग लावत होते. स्पीड टेस्ट लावली की मात्र आकडा दीडशेच्या जवळ जायचा. कारण ती एकदम अनेक पानं मांडून बसते. स्पीड टेस्ट म्हणजे शाळातपासणीचा दिवस. त्या दिवशी सगळ्या मुलांचे गणवेश धुतलेले असतात.

एकाच पानाला दोन वाढप्यांनी शिस्तीत वाढायची सोय जगात निघालेली आहे. मल्टिपाथ टीसीपी तिचं नाव. २०१३ साली तिचे नियम छापून आले आणि त्याच वर्षी ॲपलनं आयफोनमधल्या सिरीसाठी ती वापरली, वायफाय आणि मोबाईल दोन्ही वाटांनी. मी लगेच भाच्याला म्हटलं, तीच बसव. तो म्हणाला, "पलीकडच्यालाही ती यावी लागते, मामा." म्हणजे ते स्थळासारखं. आपली तयारी असून काय उपयोग.

पानांची वाटणी डबी कशी करते, हे मात्र मला एका झटक्यात कळलं, कारण मी पुण्यात स्कूटर चालवतो. आपल्याकडे रस्त्याच्या एका बाजूला पी-१ आणि दुसऱ्या बाजूला पी-२ लिहिलेलं असतं. सम तारखेला इकडे लावा, विषम तारखेला तिकडे. डबीही तेच करते. कोण कुठे निघालंय त्या पत्त्यांच्या आकड्यांवरून एक संख्या काढायची, तिला भागायचं आणि बाकी बघायची. आमची थोरली धाकटीच्या दुप्पट, म्हणून तिनानं भागायचं. बाकी शून्य किंवा एक, जा थोरलीनं. बाकी दोन, जा धाकटीनं. इतका साधा हिशेब. माझी स्कूटर तरीही उचलून नेतात, कारण ३१ तारखेनंतर १ तारीख येते आणि दोन्ही विषम असतात, हे मला दर वेळी स्कूटर गेल्यावर आठवतं.

त्या हिशेबात भाच्यानं आधी पोर्ट नंबरही धरला होता. पोर्ट म्हणजे, सोप्या भाषेत, एकाच घराला असलेल्या पुष्कळ खिडक्या. त्यामुळे वाटणी अधिक सारखी होते म्हणे. झाली. इतकी सारखी झाली, की मी बँकेच्या साइटवर गेलो तेव्हा एक खिडकी थोरलीनं उघडली आणि दुसरी धाकटीनं. बँकेला काय दिसलं? नाव-पासवर्ड टाकणारा माणूस एका पत्त्यावरून बोलतोय आणि पुढच्याच क्षणी पैसे पाठवणारा तोच माणूस दुसऱ्याच पत्त्यावरून. सदाशिव पेठेतला म्हणून फॉर्म भरायचा आणि हडपसरचा म्हणून सही करायची, असा प्रकार. बँकेनं मला बाहेर काढलं. मी पुन्हा गेलो, पुन्हा काढलं. तिसऱ्या वेळी खातंच बंद करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन मी दोन लायनींची हकीगत पहिल्यापासून सांगितली. खिडकीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेऊन विचारलं, "दोन घरं आहेत का तुमची?" प्रश्न सरळ होता, पण मागच्या रांगेतले लोक एकदम शांत झाले.

भाच्यानं पोर्ट काढून टाकला. बँक निवळली. आणि मग, फोन ठेवता ठेवता, त्यानं तो प्रश्न विचारला : "आता कुणाला कुठली लाईन पक्की लावायची असेल तर सांग. कुणाचं काम जास्त महत्त्वाचं?"

हा प्रश्न आमच्या घरात आजवर कुणी तोंडानं विचारलेला नव्हता. कुठल्याच घरात विचारत नाहीत. पोळी पहिली कुणाच्या पानात पडते, गीझर आधी कुणासाठी लागतो, याचे नियम असतात, पण ते कागदावर नसतात. राऊटरला मात्र ते लिहूनच द्यावे लागतात. एक, दोन, तीन, वरून खाली. तो वरची ओळ आधी वाचतो आणि जुळली की खाली बघतच नाही. एकत्र कुटुंबात असा कागद निघाला असता तर वाटणीच झाली असती.

मी आवाज उतरवून भाच्याला काय ते सांगितलं. त्यानं यादी केली आणि तीन आठवडे घर सुखात होतं. मग मुलानं राऊटर उघडला. पासवर्ड त्याची जन्मतारीख होता, ही चूक माझी. जेवायच्या टेबलावर त्यानं यादी खणखणीत आवाजात वाचली. "एक. आईचा लॅपटॉप, थोरली, सगळ्यात आधी. दोन. माझा कॉम्प्युटर, फक्त धाकटी. शाळेच्या वेळात थोरली." इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. बायको तर भाजी वाढताना जराशी ताठ झाली. "तीन. इतर."

"मी कुठे?" आईनं विचारलं.

"आजी, तू इतर."

"इतर?"

मी घाईघाईनं सांगायला लागलो, की इतर म्हणजे कमी नव्हे, इतर म्हणजे मोकळं, जी लाईन रिकामी ती तुझी. आई ऐकत नव्हती. "पंचेचाळीस वर्षं या घरात स्वयंपाक केला मी. आणि आता इतर." मी म्हटलं, अगं, मीही इतरच आहे. मुलानं पुन्हा स्क्रीनमध्ये पाहिलं. "नाही बाबा. तू यादीत नाहीयेस. 'अज्ञात उपकरण' म्हणून एक आहे, तो बहुतेक तुझा फोन." याचं आईला जरा समाधान वाटल्यासारखं दिसलं. दुसऱ्या दिवशी भाच्यानं यादीत वर एक ओळ घातली, 'आजीचा टॅब'. कीर्तनाला लाईन किती लागते? फारच थोडी. पण प्रश्न लाईनचा नव्हताच.

एक लाईन मेली की दुसरीनं सगळं सांभाळायचं, हा या थाटामागचा खरा हेतू. त्यासाठी डबीला कळावं लागतं, की मेली. म्हणून ती दर दहा सेकंदांनी दोन्ही लायनींवरून हाक मारते, 'आहेस का?' आई मला बाथरूमच्या दारावरून मारते तशी. आमच्या डबीची हाक कंपनीच्या पहिल्या यंत्रापर्यंत जायची. एका सोमवारी त्या यंत्राच्या पलीकडचं सगळं बंद पडलं, पण यंत्र स्वतः टुणटुणीत होतं. डबी विचारी, आहेस का? यंत्र म्हणे, आहे. आपण सोसायटीच्या वॉचमनला विचारावं, 'आहेत का?' आणि त्यानं 'आहेत' म्हणावं, तसं. तो स्वतःबद्दल बोलत असतो. परिणामी थोरली तीन तास मेलेली आणि डबी तिच्याकडे तिनातली दोन पानं इमानदारीनं पाठवतेय. तिनातली एक वेबसाइट उघडत होती. आम्ही कस्टमर केअरला फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, "सर, डब्यावर हिरवा दिवा आहे का?" होता. "मग इंटरनेट आहे, सर." वॉचमन इथून तिथून एकच.

त्यानंतर भाच्यानं हाक लांब मारायची सोय केली, थेट गूगलच्या त्या प्रसिद्ध आठ-आठ-आठ-आठ पत्त्यापर्यंत. आता पलीकडे काही बिनसलं तर तीस सेकंदांत सगळी पंगत दुसऱ्या वाढप्याकडे. मी निर्धास्त झालो. दोन कंपन्या, दोन वायरी, दोन बिलं. एकाच वेळी दोघी कशा मरतील?

गेल्या जुलैत, रात्री सव्वाआठला, मरून दाखवलं.

मी दोन्ही कंपन्यांकडे तक्रारी नोंदवल्या, दोन्हीकडून नंबर आले. पाऊस जरा उणावल्यावर पहिल्या कंपनीचा मुलगा मोटारसायकलवरून आला. पाच मिनिटांनी मी विचारलं, दुसऱ्या कंपनीचा कधी येईल?

"आलोय की, काका."

"तू?"

"दोन्हींचं इथलं काम आमच्याकडंच आहे." रेनकोटाच्या आत त्यानं पहिल्या कंपनीचा टी-शर्ट घातला होता. दुसऱ्या कंपनीची टोपी होती. मग त्यानं मला कोपऱ्यावर नेऊन गुलमोहर दाखवला. गेली चार वर्षं थोरली आणि धाकटी दोघीही त्याच गुलमोहराच्या एकाच फांदीला, एकाच प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधलेल्या होत्या. ती फांदी आता रस्त्यावर आडवी होती, तिच्यावर एक कुत्रं बसलं होतं.

माझी मला लाज वाटली, पण फार नाही. मोठमोठ्यांचं असंच झालंय. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या दोन केबली तुटल्या. वेगळ्या मालकांच्या, वेगळ्या नावांच्या, सी-मी-वी-४ आणि फ्लॅग. पण युरोपकडून येताना दोघींची वाट तिथे जवळजवळ एकच होती. भारताचं पश्चिमेकडचं इंटरनेट निम्म्याच्या आसपास बसलं. तिथेही कुणीतरी हिशेब केला असणार, दोन आहेत, दोघी एकदम कशा जातील? त्यांचा गुलमोहर भूमध्य समुद्रात होता, एवढाच फरक.

"उद्या सकाळी बांधून देतो, काका. दोन्ही," मुलगा म्हणाला. मी म्हटलं, एक तरी दुसऱ्या झाडाला बांध. तो म्हणाला, "दुसरं झाड कुठंय?" आणि ते खरं होतं.

घरी आलो तर सगळे आईभोवती जमले होते. बायकोच्या आणि माझ्या फोनचा डेटा संध्याकाळीच संपला होता. मुलाचा तर सकाळीच. आईच्या साध्या प्लॅनमध्ये रोजचा दीड जीबी होता आणि घरात वायफाय असल्यानं तिनं त्यातला थेंबही वापरलेला नव्हता. मुलानं तिच्या फोनवर हॉटस्पॉट सुरू करून दिला. टीव्हीवर लॅटव्हियाची डबी दोन्ही लायनींना दर दहा सेकंदांनी हाका मारत होती. खाली सोफ्यावर आई फोन मांडीवर घेऊन बसली होती. तिनं कारभार हातात घेतला.

"आधी तिची मीटिंग होऊ दे. तोवर कुणी हात लावायचा नाही. तू," नातवाला, "जेवून घे. तिचं झालं की अर्धा तास तुझा, मारामारीचा खेळ नको, अभ्यासाचं काय ते बघ. साडेनवाला माझं कीर्तन."

बायकोची मीटिंग एकदाही अडकली नाही. मुलगा मुकाट्यानं वरणभात जेवला. मी बराच वेळ दाराशी उभा होतो. मग विचारलं, "आई, माझा नंबर कधी?"

तिनं चष्म्याच्या वरून पाहिलं.

"तू इतर," ती म्हणाली. "ताक घे आणि बस."